संगणकाच्या बिलावर पॉवर सप्लायचे नाव छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकात संगणकाच्या जाहिराती वाढतात. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम किती, एसएसडी किती जीबीची, मॉनिटर किती इंची, सगळे आकड्यांसह छापलेले असते. कीबोर्ड-माऊस कोणत्या कंपनीचा तेही असते. सगळ्यात शेवटी येते ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. त्याला ना कंपनीचे नाव, ना मॉडेल, ना आकडा. मी अकोल्यात संगणक दुरुस्तीचे काम करते. ज्या वस्तूपायी सर्वाधिक संगणक माझ्या टेबलावर येतात, नेमकी तीच वस्तू जाहिरातीत आणि बिलावर निनावी असते. म्हणून हे पत्र.

एसएमपीएस म्हणजेच पॉवर सप्लाय, कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा पंखा असलेला लोखंडी डबा. भिंतीतली 230 व्होल्टची एसी वीज घेऊन तो 12, 5 आणि 3.3 व्होल्टची डीसी वीज करून देतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, सगळे याच डब्यातून निघणाऱ्या वायरींवर चालते. 12 व्होल्टच्या वायरीत 11.4 ते 12.6 एवढाच चढउतार चालतो. त्याच्या बाहेर गेले की संगणक मध्येच बंद पडतो, किंवा आतले भाग हळूहळू खराब होत जातात.

ग्राहक सहसा डब्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघतो. 450, 500, कधी 600. त्या आकड्यावर विसंबू नका. बाजूला जो तक्ता चिकटवलेला असतो, त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा आणि त्याला 12 ने गुणा. हे लिहिताना माझ्यासमोर 450 छापलेला एक डबा आहे. त्याच्या 12 व्होल्टपुढे 15 अँपिअर आहेत, म्हणजे झाले 180 वॅट. बाकीचे वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज 450 पर्यंत नेलेली आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बऱ्याच संगणकांत प्रोसेसरला वीज 5 व्होल्टच्या वायरीतून मिळायची, तेव्हा या बेरजेला अर्थ होता. पेंटियम 4 च्या काळात प्रोसेसरसाठी 12 व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर आला आणि सगळा भार 12 व्होल्टवर सरकत गेला. आज 5 व्होल्टवर फारसे काही चालत नाही. प्रामाणिक 450 वॅटच्या सप्लायवर 12 व्होल्टपुढे 36-37 अँपिअर लिहिलेले असतात. कंपनी कोणतीही असो, हा एक गुणाकार दुकानात उभ्या उभ्या कोणालाही करता येतो.

हाच डबा मी उघडूनही पाहिला. वीज आत येते तिथे विजेतला गोंधळ गाळण्यासाठी कॉइल आणि कपॅसिटर हवेत. सर्किट बोर्डवर त्यांच्या छापील जागा आहेत, पण त्या रिकाम्या. कॉइलच्या जागी साध्या तारेचा तुकडा सोल्डर केलेला. उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या. बाहेर जाणाऱ्या बाजूचे तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकावर तपकिरी द्राव सुकून चिकटलेला. वायरींवर 22 एडब्ल्यूजी छापलेले आहे. या मापात आकडा वाढला की तार बारीक होते. चांगल्या सप्लायच्या मुख्य वायरींवर 18 असतो. दोन डबे हातात धरले तरी वजनातला फरक कळतो. वाचकांनी मात्र हे झाकण घरी कधीही उघडू नये. चालू असताना आतल्या मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहू शकतो.

बाळापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी आर्किटेक्चर शिकते. तिच्यासाठी घरच्यांनी मोठ्या रकमेचा संगणक असेंबल करून घेतला. आय5-12400 प्रोसेसर, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅम. एकही वस्तू वाईट नव्हती. सप्लाय मात्र ‘कॅबिनेटसोबत फ्री’. रेंडरिंग (आराखड्यावरून खऱ्यासारखे चित्र तयार करणे) सुरू केले की थोड्या वेळात स्क्रीन काळी आणि संगणक पुन्हा सुरू. विकणाऱ्याने आधी विंडोज नव्याने टाकले, मग रॅम बदलली, मग व्हायरस असेल म्हणून सांगितले. प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आलेली, आणि दर वेळी तासाभराचे काम वाया. बापलेक संगणक घेऊन माझ्याकडे आले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ओळीने ‘कर्नल-पॉवर 41’ ची नोंद होती. तिचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद न होता अचानक बंद पडला. मी भार देऊन 12 व्होल्टची वायर मोजली, ती 11.1 वर आलेली.

आता हिशेब बघा. हे कार्ड एकटे 170 वॅट घेते. प्रोसेसर पूर्ण जोरात 117 पर्यंत जातो. झाले 287. मदरबोर्ड, पंखे, डिस्क धरा आणखी चाळीस-पन्नास. त्या डब्याच्या तक्त्यावर 12 व्होल्टला 18 अँपिअर, म्हणजे 216 वॅट. हा संगणक त्या डब्यावर चालणे शक्यच नव्हते, आणि जोडणाऱ्याला हे पाच मिनिटांत कळायला हवे होते. कार्डासाठी लागणारा आठ पिनांचा कनेक्टर डब्याला नव्हताच. हार्डडिस्कच्या दोन जुन्या प्लगांना कन्व्हर्टर लावून तो तयार केलेला होता आणि त्याचे प्लॅस्टिक तपकिरी पडले होते. आणखी काही दिवसांनी ते वितळले असते. 550 वॅटचा चांगला सप्लाय लावला आणि त्रास संपला. विंडोज तेच, बाकी सगळे तेच. ज्या कार्डाला आठ पिनांचा कनेक्टर लागतो, त्यासाठी तो मुळातच असलेला सप्लाय घ्या. कन्व्हर्टर लावून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

स्वस्त डबा जळतो तेव्हा बऱ्याचदा सोबत आणखी काही घेऊन जातो. चांगल्या सप्लायमध्ये व्होल्टेज वाढले, करंट वाढला, शॉर्ट झाले की वीज तोडणारी संरक्षणे असतात. स्वस्तात ती अर्धीच असतात. मदरबोर्ड गेला तर पैसे जातात. हार्डडिस्क गेली तर काय जाते, ते लग्नाचे फोटो काढणाऱ्या व्यावसायिकाला विचारा.

आपल्याकडची वीज कशी आहे, हेही सप्लाय घेताना धरावे लागते. रब्बीत कृषिपंप सुरू झाले की गावात संध्याकाळी व्होल्टेज 180 च्या खाली येते. ज्या सप्लायवर ‘100-240’ असे लिहिले आहे आणि ज्यात ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज एकसारखी ओढणारे सर्किट) आहे, तो अशा वेळी बिनबोभाट चालतो. नुसते ‘230’ लिहिलेला डबा कुरकुरतो, रीस्टार्ट होतो. डीपीवरचा न्यूट्रल सुटला तर सिंगल फेजच्या घरात 300 च्या वर व्होल्टेज येऊ शकते. तेवढे सोसणारा सप्लाय नसतो. तिथे जास्त दाबाला वीज तोडणारा स्टॅबिलायझरच हवा.

यूपीएसबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे, की तो जरा सविस्तर लिहिते. आपले सरकार केंद्र चालवणारी मंडळी पीक विम्याच्या शेवटच्या तारखेच्या आसपास हमखास ही तक्रार घेऊन येतात. लाईन गेली, यूपीएसने टक असा आवाज केला, तो चालूही राहिला, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि अर्धा भरलेला अर्ज गेला. लगेच यूपीएसची बॅटरी बदलली जाते आणि त्रास तसाच राहतो. घरगुती यूपीएसला विजेवरून बॅटरीवर जायला साधारण 4 ते 10 मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ संगणकाला सप्लायच्या मुख्य कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर काढायचा असतो. संगणकाच्या सप्लायसाठी ठरलेल्या एटीएक्स मापदंडाप्रमाणे चांगल्या सप्लायने वीज गेल्यावर 16 मिलिसेकंदांच्या आसपास टिकले पाहिजे. स्वस्त डब्यात पैसे वाचवण्यासाठी हा कपॅसिटर लहान घातलेला असतो, म्हणून तो त्या दहा मिलिसेकंदांतच कोसळतो. बॅटरी नवी आहे आणि तरी असे होते, तर दोष सप्लायमध्ये शोधा. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच देतो, तेव्हा ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला तो लावून बसू नका. ॲक्टिव्ह पीएफसीचे काही सप्लाय पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसवर नखरे करतात. दोन्ही नवीन घेत असाल तर दुकानातच एकत्र जोडून, प्लग ओढून बघा.

उन्हाळ्याचे तर विचारूच नका. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या आसपास असतो. चांगल्या कंपन्या आपला सप्लाय 40 किंवा 50 अंश तापमानाला पूर्ण वॅट देईल असे लिहून देतात. स्वस्त डब्यावर तापमान लिहिलेलेच नसते. कपॅसिटरवर 85 किंवा 105 अंश अशी मर्यादा छापलेली असते, आणि ढोबळ नियम असा की दर 10 अंशांनी उष्णता वाढली की त्याचे आयुष्य निम्मे होते. पुण्यातला एसीतला संगणक आणि आमच्याकडे जिनिंगच्या आवारातल्या ऑफिसातला संगणक यांना एकच डबा सारखा पुरत नाही. जिनिंगच्या परिसरातून आलेल्या सप्लायमध्ये रुईचे तंतू जाळीवर इतके दाटलेले असतात, की पंखा फिरतो पण हवा आत जात नाही. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने बाहेरून हवा मारा, पंखा काडीने अडवून धरून. आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका.

मग किती वॅटचा घ्यावा? इथे दुकानदार उलट टोकही गाठतात. ग्राफिक्स कार्ड नसलेला, ऑफिसचा, बिलिंगचा, मुलांच्या अभ्यासाचा संगणक बहुतेक वेळ शंभर वॅटही घेत नाही. त्याला प्रामाणिक 400-450 पुरून उरतो. त्यासाठी 750 किंवा 1000 वॅटचा घेणे म्हणजे नुसता खर्च. कार्ड असेल तर कार्डाच्या कंपनीने किती वॅटचा सप्लाय सुचवला आहे ते बघा. आरटीएक्स 3060 ला आणि 4060 ला 550 सुचवलेला आहे. हे आकडे साधारण सप्लाय डोळ्यांसमोर ठेवून थोडे सैल दिलेले असतात. त्याहून थोडा वरचा घेतला तर पुढे कार्ड बदलताना कामी येतो. 450 वॅट एकटेच घेणारी 4090 सारखी कार्डे ज्यांना घ्यायची आहेत, त्यांनी 2022 नंतरच्या एटीएक्स 3.0 किंवा 3.1 मापदंडाचाच सप्लाय घ्यावा आणि कार्डाचा सोळा पिनांचा कनेक्टर शेवटपर्यंत आत बसला आहे ना, हे डोळ्याने तपासावे.

80 प्लसच्या शिक्क्याबद्दलही लोक विचारतात. हा शिक्का सप्लाय किती वीज वाया घालवतो एवढेच सांगतो. साध्या 80 प्लसचा अर्थ असा, की 20, 50 आणि 100 टक्के भारावर किमान 80 टक्के वीज संगणकापर्यंत पोहोचते. ब्राँझ, गोल्ड या त्याच्या वरच्या पायऱ्या. ही चाचणी 23 अंशांच्या आसपासच्या खोलीत होते, म्हणून शिक्का आहे म्हणजे अकोल्यात टिकेलच असे नाही. पण निनावी डब्याने तो शिक्काही मिळवलेला नसतो, किंवा नुसता छापलेला असतो. शिक्का खरा आहे का, हे 80 प्लसच्या संकेतस्थळावरच्या यादीत कंपनी आणि मॉडेल शोधून कळते. विजेचा हिशेब असा: 300 वॅटच्या भारावर 70 टक्क्यांचा डबा भिंतीतून सुमारे 428 वॅट ओढतो, 88 टक्क्यांचा 341. रोज सहा तास आणि वर्षाचे 300 दिवस काम धरले तर दीडशेहून जास्त युनिटांचा फरक पडतो. डिझाइनच्या, एडिटिंगच्या संगणकाला सप्लायचे जादा पैसे असे फिटतात. घरातल्या साध्या संगणकाला फरक फार नाही. तिथे चांगला सप्लाय घ्यायचा तो सुरक्षिततेसाठी आणि टिकण्यासाठी.

निनावी डबा पाचशे-आठशे रुपयांत येतो, विश्वासाचा 450-550 वॅटचा सप्लाय तीन ते चार हजारांत. चाळीस-पन्नास हजारांच्या संगणकात हे तीन हजार वाचवू नका. पैसे कमीच असतील तर कॅबिनेट साधे घ्या, त्यातले रंगीत दिवे सोडा. ज्यांना तेही जमत नाही, त्यांनी मोठ्या ऑफिसातून निघालेला कंपनी-मेड जुना संगणक घ्यावा. त्यावर 240 वॅट लिहिलेला सप्लाय सहसा खरोखर 240 देतो. फक्त त्याचा आकार आणि मदरबोर्डचा कनेक्टर बरेचदा वेगळा असतो, म्हणून तो गेला तर तसाच शोधावा लागतो. आणि हो, ज्या सप्लायच्या वायरी सुट्या निघतात, त्याच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या डब्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतली जोडणी वेगळी असते, आणि डिस्क जळते.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की दिवा लागतो, अशी तक्रार घेऊन लोक चांगला सप्लायही परत करायला निघतात. हा दोष सप्लायचा नाही. घरात अर्थिंग नसेल, किंवा थ्री-पिनची वरची जाड पिन तोडून प्लग टू-पिन बोर्डात खुपसला असेल, तर सप्लायच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर साधारण निम्मा दाब येतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. लहान मुले हात लावतात त्या वस्तूबद्दल हे आहे.

आता माझे मागणे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक जाणून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि बिल न देणे ही अनुचित प्रथा मानली जाते. बिलावर प्रोसेसर, रॅमसोबत सप्लायची कंपनी, पूर्ण मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून मागा. मॉडेल लिहिलेले असेल तरच तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी वसूल करता येते. सप्लायवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनीचे नाव जुळते का बघा. ही नोंदणी सुरक्षिततेपुरती असते, वॅट खरे आहेत याची ती हमी नाही. बिल नाकारले किंवा फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आपल्या जाहिरात विभागालाही विनंती, की संगणकाच्या जाहिरातीचा मजकूर घेताना ‘सप्लाय कोणता, 12 व्होल्टला किती अँपिअर’ एवढी एक ओळ विक्रेत्याकडून मागून घ्यावी. चांगला माल देणारे विक्रेते ती आनंदाने देतील. आज त्यांचा माल आणि निनावी डबा जाहिरातीत सारखेच दिसतात आणि किमतीत तेच मागे पडतात.

शाळांचे मला सर्वांत जास्त वाटते. शाळा आणि ग्रामपंचायतींच्या संगणक खरेदीच्या ज्या निविदा माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत ‘एसएमपीएस 450 वॅट’ एवढीच अट होती. निनावी डबा ती अट लेबलवर पूर्ण करतो, आणि वर्षभरात शाळेच्या खोलीत बंद संगणकांची रांग लागते. कार्यादेश काढणाऱ्यांनी त्या जागी असे लिहावे: ‘12 व्होल्टवर किमान 30 अँपिअर, 80 प्लस ब्राँझ किंवा वरचा, ॲक्टिव्ह पीएफसी, 100-240 व्होल्ट, 40 अंशांला पूर्ण वॅट, 3 वर्षे वॉरंटी, बीआयएस नोंदणी क्रमांक, निविदेतच कंपनी व मॉडेलचा उल्लेख.’ अकोला जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेला निविदेचा मसुदा किंवा आलेला माल तपासून हवा असेल, तर मी येऊन विनामूल्य तपासून देईन. आपल्या कार्यालयात माझा पत्ता दिलेला आहे, मुख्याध्यापकांनी तो तिथून घ्यावा.

आपली,
संगणक दुरुस्ती करणारी एक वाचक,
अकोला